इंग्रजी शब्द कसे घडतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी व्याकरणात ‘शब्दसिद्धी’ नावाचं प्रकरण असतं आणि आपण ते निमूट पाठ करतो. इंग्रजीत तोच विषय ‘प्रीफिक्स लावा’, ‘नाउन करा’ अशा रिकाम्या जागांपुरता उरतो, त्यामुळे शंका तशाच राहतात. खालचे प्रश्न दहावीची मुलं, स्पर्धा परीक्षावाले, दिवसभर इंग्रजी मेल लिहिणारी ऑफिसातली मंडळी आणि दोन-चार अनुवादक यांचे आहेत. एकच शंका चार जणांनी चार तऱ्हांनी विचारली असेल तर उत्तर एकदाच दिलं आहे आणि बाकी ठिकाणी क्रमांक दिला आहे. इंग्रजी शब्द देवनागरीत आहेत. जिथे स्पेलिंगवर मुद्दा अडतो तिथे अक्षरं फोडून सांगितली आहेत.

१. इंग्रजीत नवे शब्द किती प्रकारांनी तयार होतात? परीक्षेत नेमका आकडा काय लिहू?

परीक्षेत तुमच्या पुस्तकात असेल तो आकडा लिहा, वाद घालू नका. कोणी सहा प्रकार करतो, कोणी बारा. समजून घ्यायला मात्र तीन गठ्ठे पुरतात. पहिला जोडण्याचा: उपसर्ग, प्रत्यय (प्र. २ ते ७) आणि समास (प्र. ८). दुसरा तोडण्याचा: शब्द छाटणं, दोन शब्दांचे तुकडे चिकटवणं, आद्याक्षरं घेणं, चुकीच्या जागी तोडणं (प्र. ११ ते १५). तिसऱ्यात काही जोडायचंही नाही नि तोडायचंही नाही. नामाला सरळ क्रियापद म्हणून कामाला लावायचं (प्र. १०) किंवा दुसऱ्या भाषेतून शब्द उचलायचा (प्र. १८). अगदी शून्यातून बनवलेले शब्द फार थोडे. ‘कोडॅक’ हे १८८८ सालचं नाव त्यातलं. त्याच्या मालकाने ते अक्षरं जुळवून बनवलं होतं.

२. लांब शब्दाचा विग्रह करताना आधी काय सुटं करायचं, उपसर्ग की प्रत्यय?

शब्द ज्या क्रमाने जोडला गेला त्याच्या उलट क्रमाने सोडवायचा. आपला ‘बेजबाबदारपणा’ घ्या. आधी ‘बेजबाबदार’ झाला, मग त्याला ‘पणा’ लागला. ‘जबाबदारपणा’ला ‘बे’ लावला असं कोणी म्हणणार नाही, कारण इथला ‘बे’ विशेषण घडवतो आणि भाववाचक नाम करायचं काम शेवटी ‘पणा’ करतो. इंग्रजी ‘अनहॅपीनेस’चंही हुबेहूब तसंच: आधी ‘अनहॅपी’, मग ‘नेस’. नकाराचा ‘अन’ मुख्यतः विशेषणांना लागतो, ‘हॅपीनेस’सारख्या नामांना सहसा नाही.

क्रम बदलला की अर्थ बदलतो हे पाहायला ‘अनलॉकेबल’ हा शब्द नामी आहे. ‘अनलॉक’ करून मग ‘एबल’ जोडलं तर अर्थ ‘कुलूप उघडता येण्याजोगं’. ‘लॉकेबल’ करून मग ‘अन’ लावला तर ‘ज्याला कुलूपच लावता येत नाही असं’. दार तेच, सांधा वेगळा. यात ‘अन’सुद्धा दोन आहेत: एक नकाराचा (अनहॅपी), दुसरा केलेली क्रिया उलटवणारा (अनलॉक, अनडू, अनपॅक). मुलं या दोघांना एकच समजतात आणि तिथून घोळ सुरू होतो.

३. उलट अर्थाला कधी ‘अन’ लावायचा आणि कधी ‘इन’?

याचं उत्तर मराठीत आधीच तुमच्या तोंडी आहे. आपण ‘बेकायदा’, ‘गैरहजर’, ‘नापसंत’ म्हणतो आणि ‘अन्याय’, ‘अयोग्य’, ‘अप्रामाणिक’ म्हणतो. ‘अहजर’ किंवा ‘बेप्रामाणिक’ कानाला खटकतं, कारण फारसी-अरबी शब्दांना त्यांच्याकडचा उपसर्ग आणि संस्कृत शब्दांना संस्कृत उपसर्ग ही आपली सवय आहे. इंग्रजीतही दोन घराणी आहेत. ‘अन’ हा इंग्रजीचा घरचा, जर्मानिक कुळातला. ‘इन’ लॅटिनमधून आला आणि साधारणपणे लॅटिन-फ्रेंच शब्दांनाच लागतो.

घरचा ‘अन’ मात्र मोकळ्या स्वभावाचा आहे. तो पाहुण्यांनाही लागतो. म्हणून ‘अनेबल’ पण ‘इनॅबिलिटी’, ‘अनईक्वल’ पण ‘इनइक्वॅलिटी’, ‘अनजस्ट’ पण ‘इनजस्टिस’ अशा जोड्या दिसतात. विशेषणाला ‘अन’ चालून गेला, नाम लॅटिन थाटाचं होतं म्हणून तिथे ‘इन’ टिकला. या जोड्या पाठच करा, इथे तर्क फार चालत नाही.

४. मग ‘इम्पॉसिबल’, ‘इल्लीगल’, ‘इरेग्युलर’ हे आणखी वेगळे उपसर्ग आहेत का?

नाहीत, तो ‘इन’च आहे, फक्त संधी झाली आहे. ‘उत्’ अधिक ‘लेख’ म्हणजे ‘उल्लेख’ होतो, तसा ‘इन’ अधिक ‘लीगल’चा ‘इल्लीगल’. पुढे ‘एल’ असेल तर ‘एन’चा ‘एल’, ‘आर’ असेल तर ‘आर’, आणि ‘पी’, ‘बी’, ‘एम’ अशी ओठांची अक्षरं असतील तर ‘एम’. म्हणूनच या शब्दांत दोन ‘एल’ किंवा दोन ‘आर’ येतात. स्पेलिंगमध्ये एक अक्षर गाळणाऱ्यांनी संधी लक्षात ठेवावी, घोकायची गरज पडत नाही. ही संधी लॅटिनमध्येच झाली होती. ‘अन’ला ती होत नाही: ‘अनलाइकली’चा ‘अल्लाइकली’ होत नाही.

५. टँकरवर ‘हायली इनफ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. ‘इन’ म्हणजे नाही, मग ते पेट न घेणारं का नाही?

कारण हा तो ‘इन’ नाही. लॅटिनमध्ये ‘आत’, ‘मध्ये’ अशा अर्थाचा दुसरा ‘इन’ आहे आणि ‘इनफ्लेम’ म्हणजे पेटवणं हे क्रियापद त्यातून आलं. ‘इनफ्लेमेबल’चा सांधा ‘इनफ्लेम’ आणि ‘एबल’ यांच्यामध्ये आहे; आपण तो ‘इन’ आणि ‘फ्लेमेबल’ यांच्यामध्ये समजतो. असा गैरसमज जीवावर बेतू शकतो, म्हणून विसाव्या शतकात सुरक्षेच्या पाट्यांवर ‘फ्लेमेबल’ हा सुटसुटीत शब्द मुद्दाम रुजवला गेला. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच: सहज पेट घेणारं. न पेटणाऱ्याला ‘नॉन-फ्लेमेबल’ म्हणतात.

‘इनव्हॅल्युएबल’ची तऱ्हा आणखी निराळी. तिथे ‘इन’ नकाराचाच आहे, पण नकार किमतीला नसून किंमत करता येण्याला आहे. ज्याचं मोल करता येत नाही ते, म्हणजेच आपलं ‘अमूल्य’. त्या ‘अमूल्य’ला आपण कधी ‘फुकट’ समजत नाही, पण इंग्रजीत तोच शब्द आला की बिचकतो.

६. नाम करायला ‘नेस’ लावायचं की ‘इटी’?

‘नेस’ म्हणजे आपला ‘पणा’ आणि ‘इटी’ म्हणजे ‘ता’, असं धरून चला. ‘पणा’ कुठेही चिकटतो: शहाणपणा, वेडेपणा, हल्ली ‘स्मार्टपणा’सुद्धा. ‘ता’ मात्र तत्सम शब्दांशीच सोयरीक करतो. ‘नम्रता’ होते, ‘वेडेता’ होत नाही. तसंच ‘काइंडनेस’, ‘डार्कनेस’, ‘हॅपीनेस’ हे घरचे, आणि ‘पॉसिबिलिटी’, ‘रिॲलिटी’, ‘ॲक्टिव्हिटी’ हे लॅटिन घराण्यातले. अपवाद विचारलाच तर ‘ऑडिटी’: ‘ऑड’ हा जुन्या नॉर्स भाषेतून आलेला शब्द, तरी त्याला ‘इटी’ लागला.

‘वॉर्म्थ’, ‘लेंग्थ’, ‘डेप्थ’, ‘स्ट्रेंग्थ’ यांतला ‘टी-एच’ सुद्धा असाच नाम करणारा प्रत्यय, पण तो आता जवळजवळ संपला. जुने शब्द चालतात, नवे होत नाहीत. प्रत्ययाच्या नवे शब्द घडवण्याच्या क्षमतेला भाषेच्या अभ्यासात उत्पादकता म्हणतात. तुम्हाला न ऐकलेल्या विशेषणाचं नाम अडल्या वेळी करायचंच असेल तर ‘नेस’ लावून मोकळे व्हा. फार तर ओबडधोबड वाटेल, समोरच्याला कळेल नक्की.

७. ‘टीच’चा ‘टीचर’, ‘ड्राइव्ह’चा ‘ड्रायव्हर’. मग स्वयंपाक करणारा ‘कुकर’ का नाही?

हा प्रश्न मला दरवर्षी येतो आणि दरवर्षी वर्गात शिटी वाजते. ‘कुक’ हे नाम इंग्रजीत फार जुनं. स्वयंपाक्याची जागा आधीच भरलेली होती, त्यामुळे ‘कुकर’ला माणसाचं काम मिळालं नाही, भांड्याचं मिळालं. रूढ शब्द नव्या शब्दाची वाट अडवतो, याला इंग्रजीत ‘ब्लॉकिंग’ म्हणतात. मार्क अरोनॉफ या भाषावैज्ञानिकाने १९७६ साली ही कल्पना नीट मांडली. ‘स्टील’ म्हणजे चोरणं, पण एरवी चोराला ‘स्टीलर’ म्हणत नाहीत, कारण ‘थीफ’ बसलेला आहे. ‘क्युरियस’चं ‘क्युरिऑसिटी’ होतं, पण ‘फ्युरियस’चं ‘फ्युरिऑसिटी’ होत नाही. ‘फ्युरी’ आधीच दारात उभी असते.

‘अर’ हा प्रत्यय माणसालाही लागतो आणि यंत्रालाही: मिक्सर, ग्राइंडर, स्कॅनर. कधी जागांची अदलाबदल होते. ‘कॉम्प्युटर’ हा शब्द पूर्वी आकडेमोड करणाऱ्या माणसाला लावत. ‘टाइपरायटर’ही एके काळी यंत्रालाही म्हणत आणि ते चालवणाऱ्या व्यक्तीलाही. पुढे ‘टायपिस्ट’ आला आणि माणूस यंत्रापासून सुटा झाला.

८. इंग्रजीत समास असतो का? तत्पुरुष, बहुव्रीही असं काही?

असतोच, आणि नावंसुद्धा हीच. ‘तत्पुरुष’, ‘कर्मधारय’, ‘द्वंद्व’, ‘बहुव्रीही’ हे शब्द पाश्चात्त्य भाषावैज्ञानिकांनी संस्कृत व्याकरणातून जसेच्या तसे उचलले. इंग्रजी समासांवरच्या पुस्तकात ‘बहुव्रीही’ रोमन लिपीत भेटतो तेव्हा गावाकडचा माणूस परदेशात भेटल्यासारखं होतं.

‘टूथब्रश’ हा तत्पुरुष: दातांसाठी ब्रश. ‘ब्लॅकबोर्ड’ कर्मधारय, पण आता तो हिरवाही असतो. एकदा समास झाला की ‘ब्लॅक’ची काळ्या रंगाशी बांधिलकी सुटते. ‘रेडहेड’ बहुव्रीही: लाल डोकं नव्हे, लालसर केस आहेत ज्याचे ती व्यक्ती.

मला यात सर्वांत गमतीचा वाटतो तो ‘पिकपॉकेट’. आपण ‘खिसेकापू’ म्हणतो: आधी खिसा, मग कापणं. इंग्रजीत बहुतेक समासांत तसाच क्रम असतो (हेअरकट, हँडशेक), पण फ्रेंचच्या वळणावर गेलेल्या काही शब्दांत क्रियापद आधी येतं: ‘पिकपॉकेट’, ‘किलजॉय’, ‘ब्रेकफास्ट’ (उपास मोडणं), ‘पासटाइम’. आता आपला ‘टाइमपास’ बघा. तो ‘पासटाइम’ उलटा करून बनवलेला चुकीचा शब्द आहे असं मानून काही जण नाक मुरडतात. पण कर्म आधी आणि क्रिया नंतर हा क्रम ‘हेअरकट’च्याच जातीचा आहे. मी म्हणेन ‘टाइमपास’ जास्त इंग्रजी आहे!

जोडून लिहायचं, मध्ये हायफन द्यायचा की सुटं लिहायचं याला पक्का नियम नाही. शब्द जुना होत जातो तसा चिकटत जातो, एवढंच. शंका आली की शब्दकोश उघडा. समास उच्चारावरून ओळखायचा कसा, ते पुढच्या उत्तरात.

९. शब्द लांबला की उच्चाराचा जोर का सरकतो? ‘फोटोग्राफ’ आणि ‘फोटोग्राफर’ आम्ही सारखेच म्हणतो.

मराठीत जोर बदलल्याने शब्द बदलत नाही, म्हणून आपल्याला ते ऐकूच येत नाही. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, ‘फोटोग्राफर’मध्ये तो ‘टो’वर जातो आणि उच्चार ‘फटॉग्रफर’च्या जवळ येतो, ‘फोटोग्राफिक’मध्ये ‘ग्रा’वर. साधारण खूण अशी: घरचे प्रत्यय (नेस, फुल, लेस, लाय) जोर हलवत नाहीत, लॅटिन-ग्रीक वळणाचे (इटी, इक, इयन) हलवतात. पुन्हा तीच दोन घराणी, प्र. ३ आणि ६ मधली.

समासात जोर बहुधा पहिल्या शब्दावर येतो. ‘ग्रीनहाउस’मध्ये ‘ग्रीन’वर जोर दिला तर काचेचं रोपघर. दोन्ही शब्द सुटे ठेवून ‘हाउस’वर जोर दिला तर नुसतं हिरवं घर.

१०. ‘गूगल कर’ असं आपण म्हणतो, पण इंग्रजीत नामालाच क्रियापद कसं करतात? त्याला प्रत्यय नको का?

नको. याला ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. मराठीत आपल्याला ‘करणे’, ‘काढणे’, ‘मारणे’ यांचा आधार लागतो: गूगल करणे, झेरॉक्स काढणे, मिस्ड कॉल देणे. इंग्रजीत शब्द वाक्यातल्या दुसऱ्या जागी ठेवला की काम झालं. ‘गूगल’ हे क्रियापद ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात २००६ साली दाखल झालं.

हे जमण्याचं कारण इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत प्रेम या नामाचं रूप ‘लुफू’ आणि क्रियापदाचं ‘लुफियन’ होतं. पुढे शेवटचे प्रत्यय झिजून गेले आणि दोघांचंही ‘लव्ह’ उरलं. मग रूपावरून नाम-क्रियापद ओळखायची सवयच सुटली, जागेवरून ओळखायची लागली. अपवाद म्हणून काही जोड्यांत जोर वेगळा असतो: ‘रेकॉर्ड’, ‘परमिट’, ‘प्रेझेंट’ ही नामं असतील तर जोर पहिल्या अवयवावर (सिलॅबलवर), क्रियापदं असतील तर दुसऱ्यावर.

११. ‘बस’ हा शब्द कशाचा लघुरूप आहे? आम्ही बसतो म्हणून बस, असं आजोबा सांगायचे.

आजोबांची कोटी झकास, पण शब्द आला ‘ऑम्निबस’वरून. लॅटिनमध्ये ‘ऑम्निबस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. लंडनमध्ये १८२९ साली घोड्यांच्या ऑम्निबस सुरू झाल्या आणि लोकांनी नाव छाटून ‘बस’ केलं. यात छाटलं काय ते पाहा: ‘ऑम्नि’ म्हणजे सर्व, तो भाग गेला. राहिला तो निव्वळ विभक्तीचा प्रत्यय! म्हणजे ‘सर्वांसाठी’तला ‘सर्व’ फेकून ‘-साठी’त बसून आपण एसटीने कोल्हापूरला जातो.

छाटणी कुठूनही होते. ‘टेलिफोन’चं शेपूट राहिलं, ‘लॅबोरेटरी’चं डोकं, ‘इन्फ्लुएन्झा’चं मधलं ‘फ्लू’. अर्थ बहुधा बदलत नाही, फक्त शब्द घरगुती होतो.

१२. ‘ब्रंच’, ‘स्मॉग’, ‘मोटेल’ हे समास आहेत का?

नाहीत. समासात दोन्ही शब्द पुरे असतात, इथे दोघांचेही तुकडे आहेत. ‘ब्रेकफास्ट’ आणि ‘लंच’ मिळून ‘ब्रंच’ (१८९५), ‘स्मोक’ आणि ‘फॉग’ मिळून ‘स्मॉग’ (१९०५, लंडनच्या हवेसाठी), ‘मोटर’ आणि ‘हॉटेल’ मिळून ‘मोटेल’ (१९२५, कॅलिफोर्निया). अशा शब्दांना ‘पोर्टमँटो’ म्हणतात. पोर्टमँटो म्हणजे मधोमध दोन कप्प्यांत उघडणारी प्रवासी बॅग. ‘ॲलिस इन वंडरलँड’ लिहिणाऱ्या लुईस कॅरोलने १८७१ साली ही उपमा दिली आणि ती चिकटली. ‘चॉर्टल’ हा त्याचाच शब्द, ‘चकल’ आणि ‘स्नॉर्ट’ यांचा. ‘हिंग्लिश’ही याच पोटातला.

१३. ‘हॅम्बर्गर’मध्ये हॅम असतं का? शाकाहारी माणसाने नावाला घाबरावं का?

नावाला घाबरू नका, आतल्या टिक्कीची चौकशी करा. शब्द आहे ‘हॅम्बर्ग’ अधिक ‘अर’, म्हणजे जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहराचं. आपण ‘कोल्हापुरी’, ‘मालवणी’ म्हणतो तसं. पण इंग्रजी कानाला ‘हॅम’ ओळखीचं वाटलं, लोकांनी शब्द भलत्या जागी तोडला आणि ‘बर्गर’ सुटा झाला. मग ‘चीजबर्गर’, ‘व्हेज बर्गर’. मूळ शब्दात ‘बर्ग’ म्हणजे गढी. गढीची पावात टिक्की झाली.

असे चुकीचे सांधे इंग्रजीत पुष्कळ आहेत. ‘हेलिकॉप्टर’ १८६१ सालच्या फ्रेंच शब्दावरून आला: ग्रीक ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्री आणि ‘प्टेर’ म्हणजे पंख. इंग्रजीने तो ‘हेलि’ आणि ‘कॉप्टर’ असा तोडला आणि ‘हेलिपॅड’ तयार केलं. ‘अल्कोहोल’ मुळात अरबी ‘अल-कुहल’, म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. त्याचं ‘अल्कोहॉलिक’ झालं, आणि त्याची शेपटी तोडून ‘वर्कहोलिक’, ‘शॉपहोलिक’ झाले. वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट नावाच्या इमारतींमध्ये १९७२ साली घरफोडी झाली, तेव्हापासून ‘गेट’ हा घोटाळ्याचा प्रत्ययच झाला आहे. वृत्तपत्रं कुठल्याही भानगडीला तो लावतात. तिथे फाटकाचा संबंध शोधू नये.

१४. ‘एडिट’ करतो तो ‘एडिटर’. बरोबर ना?

आज बरोबर, इतिहासात उलट. ‘एडिटर’ सतराव्या शतकातला, ‘एडिट’ अठराव्याच्या अखेरचा. लोकांना वाटलं ‘अर’ वाटणारा शेवट आहे तर क्रियापदही असणारच, आणि त्यांनी ते काढलं. ‘बर्ग्लर’वरून ‘बर्गल’, ‘टेलिव्हिजन’वरून ‘टेलिव्हाइज’, ‘बेबीसिटर’वरून ‘बेबीसिट’ असेच आले. याला ‘बॅक-फॉर्मेशन’ म्हणतात. छोटा शब्द दिसला की तोच मूळ, ही आपली समजूत इथे फसते.

१५. ‘न्यूज’ म्हणजे नॉर्थ-ईस्ट-वेस्ट-साउथ, ‘फॅमिली’ म्हणजे फादर-अँड-मदर-आय-लव्ह-यू. हे खरं आहे का?

नाही, आणि हा संदेश मला व्हॉट्सॲपवर पाठवणं कृपया थांबवा. ‘न्यूज’ म्हणजे ‘न्यू’चं अनेकवचन, ‘नव्या गोष्टी’. फ्रेंचमध्येही याच धर्तीचा शब्द आहे. ‘फॅमिली’ लॅटिन ‘फमिलिया’वरून आला. त्याचा अर्थ घरातली सारी माणसं, त्यात चाकरही आले. ‘फमुलुस’ म्हणजे चाकर. भावनिक संदेशासाठी हे जरा अडचणीचंच.

खरे आद्याक्षरी शब्द ओळखायला एक ढोबळ कसोटी पुरते. आद्याक्षरांचा सबंध शब्द म्हणून उच्चार करायची रीत प्रामुख्याने विसाव्या शतकातली. ‘रडार’ अमेरिकी नौदलाने १९४० साली प्रचारात आणला: रेडिओ डिटेक्शन अँड रेंजिंग. ‘लेसर’ १९५७ सालचा: लाइट ॲम्प्लिफिकेशन बाय स्टिम्युलेटेड एमिशन ऑफ रेडिएशन. शब्द त्याहून शेकडो वर्षं जुना असेल आणि कोणी त्याची आद्याक्षरं सांगत असेल, तर बहुतेक ती दंतकथा. ‘लेसर’वरून पुढे ‘लेझ’ हे क्रियापदही निघालं, तेही प्र. १४ च्या वाटेने: शेवटच्या ‘अर’ला प्रत्यय समजून. तो प्रत्यय नव्हताच, ‘एमिशन’चा ‘ई’ आणि ‘रेडिएशन’चा ‘आर’ होता.

‘पिन नंबर’मध्ये ‘नंबर’ दोनदा येतो हेही बऱ्याच जणांनी कळवलं. येतो खरा. आपण ‘पिवळा पीतांबर’ म्हणतोच की.

१६. ऑफिसात साहेब ‘प्रीपोन’ आणि ‘अपडेशन’ कापतात. हे शब्द चूक आहेत का? आणि ‘कझिन ब्रदर’?

दोघांना एकाच मापाने मोजू नका. ‘पोस्टपोन’मध्ये लॅटिन ‘पोस्ट’ म्हणजे नंतर आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणं. त्याच्यासमोर ‘प्री’ म्हणजे आधी लावून ‘प्रीपोन’ केला, यात रचनेची काहीच चूक नाही. शिवाय इंग्रजीत त्या अर्थाचा रोजच्या वापरात रुळलेला एकशब्दी पर्याय नव्हता. आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही तो भारतीय इंग्रजीतला शब्द म्हणून आहे. भारतात बिनधास्त वापरा. परदेशातल्या ग्राहकाला मेल जात असेल तर ‘मूव्ह फॉरवर्ड’ची टांगती तलवार नको (त्याचा अर्थ पुढे की अलीकडे यावर तेही भांडतात), सरळ नवी तारीख लिहा.

‘अपडेशन’चा सांधा मात्र चुकला आहे. ‘क्रिएट’चं ‘क्रिएशन’ होतं कारण तिथला शेवटचा ‘एट’ हा लॅटिन वळणाचा क्रियापदी शेवट आहे. ‘अपडेट’मध्ये ‘एट’ नाहीच. तिथे ‘अप’ आणि ‘डेट’ असे दोन पुरे शब्द आहेत. शिवाय ‘अपडेट’ हेच नामही आहे (प्र. १०), म्हणजे जागा भरलेली (प्र. ७). ‘अपग्रेडेशन’ही त्याच जातीचा, पण ‘डिग्रेडेशन’ हा खरा शब्द शेजारी असल्याने तो कमी खटकतो. साहेब ‘अपडेशन’ कापतात ते बरोबर करतात, ‘प्रीपोन’ कापतात ते उगाच.

‘कझिन ब्रदर’बद्दल: इंग्रजीत नुसतं ‘कझिन’ पुरतं. आपल्याला चुलत, मामे, आते, मावस एवढं सगळं सांगायची सवय, त्यामुळे ‘कझिन’ने पोट भरत नाही. त्यात निदान भाऊ की बहीण हे तरी कळावं म्हणून आपण समास केला.

१७. आपल्या ‘चहाबिहा’, ‘पुस्तकबिस्तक’सारखं इंग्रजीत काही आहे का?

‘फॅन्सी-श्मॅन्सी’. पहिलं अक्षर काढून ‘श्म’ लावायचं. अमेरिकेत यिडिश बोलणाऱ्या ज्यूंकडून ही लकब आली. फरक असा की आपला ‘बि’ ‘वगैरे’ सांगतो, त्यांचा ‘श्म’ नाक मुरडतो. याशिवाय ‘झिगझॅग’, ‘चिटचॅट’, ‘टिकटॉक’, ‘डिंगडाँग’ हे अभ्यस्त शब्द आहेत. त्यांत जवळपास नेहमी आधी ‘इ’ येतो, नंतर ‘ॲ’ किंवा ‘ऑ’. ‘झॅगझिग’ म्हणून पाहा, जीभच नकार देते.

१८. मराठीतून इंग्रजीत गेलेला एखादा शब्द सांगा. आणि ‘मंगूस’चं अनेकवचन ‘मंगीस’ का नाही?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच प्राणी आहे. इंग्रजी ‘मंगूस’ हा आपला मुंगूस. पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या तोंडून तो सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत पोचला. इंग्रजीत ‘गूस’ म्हणजे हंसासारखा पक्षी आणि त्याचं अनेकवचन ‘गीस’, म्हणून मुलं ‘मंगीस’ लिहितात. पण मुंगसात पक्षी कुठून येणार? सांधाच नाही तर तोडणार काय. अनेकवचन ‘मंगूसेस’.

‘ऑरेंज’ही ओळखीचा निघेल. संस्कृत ‘नारंग’, आपलं नारिंग, फारसी-अरबीतून युरोपात गेलं. सुरुवातीचा ‘न’ इटालियन-फ्रेंच वाटेवरच गळाला. इंग्रजीने स्वतः असा ‘न’ चोरला तो ‘एप्रन’मधला: मुळात ‘अ नेप्रन’, ऐकताना ‘ॲन एप्रन’ झालं.

१९. समासाचं अनेकवचन कुठे लावायचं? ‘मदर-इन-लॉज’ की ‘मदर्स-इन-लॉ’?

‘मदर्स-इन-लॉ’, कारण सासवा अनेक आहेत, कायदा एकच. मुख्य नाम शोधा आणि त्याला ‘एस’ लावा: ‘पासर्स-बाय’. समासात नामच नसेल तर शेवटी: ‘ग्रोन-अप्स’. ‘स्पूनफुल’ हा एकजीव शब्द झाला आहे, म्हणून ‘स्पूनफुल्स’.

२०. ‘प्रोनाउन्स’चं ‘प्रोनन्सिएशन’ होताना ‘ओ’ कुठे जातो? आणि ‘एबल’-‘इबल’ कसं ओळखू?

‘प्रोनाउन्स’ फ्रेंचमधून झिजून आला, नाम लॅटिन रूपाच्या जवळ राहिलं, म्हणून नामात ‘एन’च्या आधी फक्त ‘यू’. ‘मेंटेन’-‘मेंटेनन्स’, ‘एक्स्प्लेन’-‘एक्स्प्लनेशन’ या जोड्यांतही असंच स्पेलिंग बदलतं. नाम क्रियापदाला शेपूट लावून झालेलं नाही हे ध्यानात ठेवा.

शेवट काढल्यावर अख्खा इंग्रजी शब्द उरला तर बहुधा ए-बी-एल-ई: ‘रीडेबल’, ‘वॉशेबल’. न उरला तर बऱ्याचदा आय-बी-एल-ई: ‘एडिबल’, ‘व्हिजिबल’. नियम मोडणारे ‘फ्लेक्सिबल’, ‘ॲक्सेसिबल’, ‘कोलॅप्सिबल’ यांच्याशी मैत्री करा. नवा शब्द मात्र नेहमी ‘ए’नेच होतो.

२१. इंग्रजीतला सर्वांत लांब शब्द कोणता?

शब्दकोशात मिळतो तो ४५ अक्षरांचा ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस’, फुप्फुसाच्या एका रोगाचं नाव. पण तो मुळात लांब शब्द हवा म्हणूनच १९३५ साली अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेच्या अध्यक्षाने रचला होता. डॉक्टर ‘सिलिकोसिस’ म्हणून मोकळे होतात. त्यापेक्षा २८ अक्षरांचा ‘अँटीडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम’ अभ्यासाला चांगला. ‘एस्टॅब्लिश’पासून सुरुवात करून एकेक थर चढवा. प्र. २ मधली रीत इथे पक्की होते.

२२. शेक्सपिअरने हजारो शब्द स्वतः बनवले हे खरं का?

त्याने बनवलेले शब्द आहेत, पण आकडे फुगलेले आहेत. ऑक्सफर्डचा मोठा शब्दकोश १९२८ साली पुरा झाला. त्यात प्रत्येक शब्दाचा सापडलेला सर्वांत जुना वापर नोंदवत, आणि शेक्सपिअर वाचकांनी बारकाईने चाळलेला होता. त्यामुळे बरेच शब्द त्याच्या खात्यावर जमा झाले. आता जुने ग्रंथ संगणकावर शोधता येतात, तसे त्यातले कित्येक शब्द त्याच्या आधीच्या मजकुरात सापडू लागले आहेत. लिहिलेला पहिला पुरावा म्हणजे जन्मदाखला नव्हे. ‘सेल्फी’चंच बघा: सापडलेला पहिला वापर २००२ सालचा, ऑस्ट्रेलियातला, ऑक्सफर्डने तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला २०१३ साली.

२३. ‘रूथलेस’ आहे तर ‘रूथ’ कुठे आहे? ‘डिसग्रंटल्ड’ आहे तर ‘ग्रंटल्ड’ माणूस असतो का?

‘रूथ’ म्हणजे दया. शब्द होता, वापरातून गेला. निर्दय राहिला आणि दया हरवली. ‘क्रॅनबेरी’तला ‘क्रॅन’ही असाच एकटा पडलेला. मुळात तो ‘क्रेन’, म्हणजे क्रौंच पक्षी, जर्मन बोलीतून आलेला. आज इंग्रज माणसाला त्या तुकड्याचा अर्थ सांगता येत नाही, म्हणून अशा अनाथ तुकड्यांना भाषाविज्ञानात ‘क्रॅनबेरी मॉर्फीम’ असंच नाव पडलं आहे.

‘डिसग्रंटल्ड’ मात्र चकवतो. ‘ग्रंटल’ म्हणजे कुरकुरणं, आणि इथला ‘डिस’ नकाराचा नाही, जोर देणारा आहे: पुरता कुरकुरणारा. म्हणजे ‘ग्रंटल्ड’ शब्द असताच तर त्याचा अर्थही नाराज असाच झाला असता. पण विसाव्या शतकात विनोदी लेखकांनी ‘डिस’ला नकार समजून ‘ग्रंटल्ड’ म्हणजे खूश असा शब्द काढला आणि तो शब्दकोशांत गेला. टँकरवरच्या ‘इन’ने (प्र. ५) लोकांना घाबरवलं, या ‘डिस’ने हसवलं.